बांधावरची बाभूळ राहू द्या

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. 1986 साली तिथे पक्षी अभयारण्य झालं आणि 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. हिवाळ्यात तिथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक उतरतात आणि दुर्बिणी घेतलेली माणसं पुण्या-मुंबईहून येतात. तिथून गोदावरी खाली येते, कोपरगाव ओलांडून पुणतांब्याच्या घाटाला लागते आणि पुढे प्रवरासंगमाजवळ नाथसागराच्या फुगवट्यात शिरते. नाथसागरावरही अभयारण्य आहे, जायकवाडीचं, तेही 1986 सालचंच. म्हणजे वर एक अभयारण्य, खाली एक अभयारण्य आणि मधे आपण पुणतांबेकर.

पक्ष्यांना हद्दी कळत नाहीत. नांदूरहून उडालेला थवा कुठेतरी उतरतो, चरतो, रात्र काढतो. तो पाहुणा झाला. पण ज्या पाखरांसाठी मी हे लिहितो आहे ती पाहुणी नाहीत, आपल्याच शिवारातली आहेत. विहिरीवरची सुगरण, तारेवरचा कोतवाल आणि वेडा राघू, नांगरामागे चालणारे गायबगळे, बांधावरून ओरडणारी टिटवी, गोठ्यातली चिमणी, चिंचेच्या ढोलीतला पिंगळा, स्टेशनच्या फलाटावरची साळुंकी. यांच्यासाठी कुठलंही अभयारण्य होणार नाही. यांचं अभयारण्य म्हणजे पुणतांब्याचं शिवार. तिथे वनरक्षक नाही, मनोरा नाही, पाटी नाही. तिथे राखणारे आपणच आहोत आणि मोडणारेही आपणच.

नांदूर मधमेश्वरहून निघालेल्या गोदावरीच्या कालव्यांनी या पट्ट्याचं नशीब पालटलं, हे कुणी नाकारणार नाही. ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आला, उसाबरोबर कारखाने आले, पेरूच्या बागा आल्या, घरं पक्की झाली. मात्र त्याबरोबर पाखरांचं ताटही बदललं. ज्वारीचं कणीस दाण्याचं असतं; उसात चिमणीला खाण्यासारखा दाणा नसतो. पूर्वी सुगीत पोरं माळ्यावर बसून गोफण फिरवायची, पाखरं राखायची. तेव्हा पाखरांचा वाटा जायचा आणि शेतकऱ्यालाही तो जाणार हे ठाऊक असायचं. आज ऊस, मका, सोयाबीन आणि कांदा यांच्या पट्ट्यात दाणे टिपणाऱ्या पाखरांना जागा उरली ती बांधावरच्या गवताची. आणि बांधच आपण कोरत आणले.

बांध कोरण्याची गोष्ट गावात नवी नाही, तिच्यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेले आहेत. पण भावाचा बांध कोरला जातो तेव्हा त्या बांधावरच्या बाभळी, बोरी, निवडुंग, हिवर आणि घाणेरीची जाळीही जाते. मग तिथे राहणाऱ्या तितराचं, लाव्याचं, सातभाईंच्या टोळीचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. झाडाचा वसवा पडतो, चार ओळी पीक येत नाही, ही तक्रार खरी आहे. माझं म्हणणं एवढंच की एका बाभळीचा हिशेब पुरता करा. सुगरण पावसाळ्यात घरटं बांधते तेव्हा तिला काटेरी फांदी हवी असते, साप-मुंगूस चढणार नाही अशी, आणि शक्यतो खाली पाणी हवं असतं. म्हणून ती विहिरीवर झुकलेली बाभूळ निवडते. घरटं विणायला ती उसाच्या आणि गवताच्या पानांच्या चिरफळ्या ओढते. मोठेपणी ती दाणे खाते, पण पिलांना भरवते ते किडे आणि अळ्या. ही सगळी पिलं आपल्या शेतात खरीप उभा असतानाच वाढतात. विहीर बुजवली, बाभूळ तोडली, बोअर घेतली, की पुढच्या आषाढात सुगरणीला त्या वस्तीवर काही काम उरत नाही.

जुन्या दगडी विहिरींबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. पाणी आटलं म्हणून त्या कचरा टाकून बुजवल्या जातात. त्या विहिरींच्या कपारीत पारवे, साळुंक्या, पिंगळे आणि गव्हाणी घुबडं राहतात. गव्हाणी घुबड हा पांढऱ्या तोंडाचा पक्षी लोकांना अपशकुनी वाटतो आणि दिवाळीच्या आसपास अघोरी विधींसाठी घुबडं पकडणारेही निघतात. वास्तविक त्याचं मुख्य खाणं उंदीर आहे. दिवसा तेच काम शेतावर एका जागी पंख मारत तरंगणारी कापशी घार करते. आपण उंदरांसाठी विषाच्या गोळ्या टाकतो, विष खाल्लेला उंदीर घुबड उचलतं, आणि उंदीर मारणारा फुकटचा गडी आपणच मारतो. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत इला फाउंडेशनने 2018 साली घुबडांचा उत्सव सुरू केला; ज्या पक्ष्याला लोक दगड मारत होते त्याच्यासाठी मुलं चित्रं काढू लागली. पुणतांब्याच्या शाळांना हे करायला कुणाची परवानगी लागत नाही.

ऊसतोड झाल्यावर पाचट जाळणं हा दुसरा घाव. आग लावली की रान एका रात्रीत मोकळं होतं, खोडवा फुटायला सोपं जातं, हे कारण सगळ्यांना माहीत आहे. त्या आगीत जमिनीवर अंडी घालणारी टिटवी, तितर, लावा यांची घरटी आणि पिलं जळतात, बांधावरची झाडं होरपळतात आणि जमिनीतला ओलावाही जातो. पाचट सरीत दाबून कुजवणारे शेतकरी आपल्याच राहाता तालुक्यात आहेत. त्यांचा खोडवा बघून या, मग काडी पेटवायची की नाही ते ठरवा. ज्याला जाळल्याशिवाय गत्यंतरच नाही त्याने निदान एका बाजूने पेटवावं, म्हणजे पाखराला आणि सशाला दुसरीकडून निघून जायला वाट राहते. चारही बाजूंनी कडं करून पेटवणं निर्दयपणाचं आहे.

पेरूवाल्यांची बाजूही मांडायला हवी. राहाता तालुक्याचा पेरू नावाजलेला आहे आणि पोपटांचा थवा बागेत उतरला की एकेक फळ अर्धवट कुरतडून टाकतो. तो माल बाजारात कुणी घेत नाही. या नुकसानीला कुणी हसू नये. पण बागेवर टाकलेली बारीक नायलॉनची सैल जाळी हा त्यावरचा उपाय नव्हे. तिच्यात पोपटाबरोबर बुलबुल, घुबड, वटवाघूळ अडकतं आणि उन्हात तडफडून मरतं. जाळी लावायचीच तर ताणून लावा, जाड दोऱ्याची लावा, रोज फेरी मारा. चमकीच्या पट्ट्या, फळाला पिशवी, डब्यांचा आवाज हे उपाय आळीपाळीने वापरले तर जास्त दिवस चालतात, कारण पोपट हुशार असतो आणि एकाच उपायाला लवकर सरावतो.

याच पोपटाचा दुसरा अवतार आपल्या ओट्यावर टांगलेला दिसतो. राघू पिंजऱ्यात ठेवणं आपल्याकडे लाडाचं मानलं जातं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पकडणं, विकणं आणि पाळणं हा गुन्हा आहे. हा राघू पिंजऱ्यात येतो कुठून? फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये झाडाच्या ढोलीतून डोळे न उघडलेली पिलं काढली जातात, कधी त्यासाठी फांदीच तोडली जाते, आणि बाजारात पोचेपर्यंत त्यातली बरीच मरतात. घरातल्या पोरांच्या हौसेसाठी आपण हे पैसे देऊन करवून घेतो. नवीन राघू घरी आणू नका. ज्यांच्याकडे आहे त्यांनी आज पिंजरा उघडून त्याला आकाशात सोडूही नये. पंख कापलेलं, माणसाच्या हातून खायला शिकलेलं पाखरू मांजराच्या तोंडी जाईल. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा, ते सांगतील तसं करा.

आता मांजाबद्दल. शेजारच्या येवल्याची पतंगबाजी सगळ्या महाराष्ट्रात गाजलेली आहे, भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्च्या भरलेल्या असतात, आणि त्या वाऱ्याचे पतंग आपल्याकडेही उडतात. पतंग उडवण्याला कुणाचाच विरोध नाही. विरोध नायलॉनच्या मांजाला आहे. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै 2017 मध्ये त्याच्यावर देशभर बंदी घातली. तरीही दर जानेवारीत तो चोरून विकला जातो आणि दर जानेवारीत माणसांचे गळे चिरतात. सुती दोरा पावसात कुजतो, नायलॉन कुजत नाही. संक्रांतीला तुटून पिंपळावर अडकलेला धागा पुढच्या संक्रांतीपर्यंत तिथेच असतो आणि मधल्या वर्षभरात जो बगळा, जी घार, जो पारवा तिथे बसेल त्याचा पंख कापतो. विणीच्या काळात कावळा आणि घार घरट्यासाठी धागे उचलून नेतात, मग पिलाच्या पायाला तो गुंडाळला जातो आणि ते घरट्यातून कधी उडतच नाही. म्हणून दोन गोष्टी करूया. एक, पुणतांब्यातल्या कुठल्याही दुकानात हा मांजा विकला जाणार नाही, हे दुकानदारांनीच एकत्र बसून ठरवावं. दोन, करीच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या तरुणांनी लांब काठ्या घेऊन घाटावरची, स्टेशनरोडची, शाळेची झाडं साफ करावीत. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

हे सगळं वेळीच का करायचं, याचं उत्तर गिधाडांनी देऊन ठेवलं आहे. चाळीशी ओलांडलेल्या माणसाला गावाबाहेर मेलेल्या जनावरावर उतरलेली गिधाडं आठवतील. पंधराएक वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं देशातून 99 टक्क्यांहून अधिक संपली. कारण पुढे कळलं, जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. 2006 साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तेव्हा फार उशीर झाला होता. गिधाडं कमी होत असताना शिवारातल्या कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. दूध धंदा करणाऱ्यांनी आजही एवढं पाहावं की सुजेसाठी डॉक्टर गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम देतात की भलतंच काही.

2023 च्या ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ या अहवालात 942 जातींचा अभ्यास आहे. त्यात नीलपंखाचं नाव ठळकपणे आलं आहे, त्याआधीच्या बारा वर्षांत तो सुमारे 30 टक्क्यांनी घटला. नीलपंख म्हणजे दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो तास पक्षी, तारेवर बसतो आणि उडाला की निळ्या पंखांची चमक दिसते. चिमणीचा कैवार घेणारे आज पुष्कळ आहेत आणि ते चांगलंच आहे, 20 मार्चला चिमणी दिन होतो, लाकडी घरटी वाटली जातात. पण नीलपंखाचं नाव कुणी काढत नाही. त्याला लागतं उघडं रान, किडे आणि जुन्या झाडाची ढोली. लाकडी खोक्याने ते भागणार नाही. वठलेलं झाड तोडू नका, उभं राहू द्या, एवढं त्याच्यासाठी पुरेसं आहे.

अहिल्याबाईंनी बांधलेल्या घाटावर उभं राहून नदीकडे पाहिलं तर वाळू किती राहिली ते कळतं. नदीसुरय आणि टिटवी उघड्या वाळूवर अंडी घालतात. वाळू उपसली की त्यांचं घरच उपसलं गेलं. आणि दहाव्याला पिंड ठेवून आपण कावळ्याची वाट पाहतो, तेव्हा तो यायला हवा असेल तर त्याच्या घरट्याचं झाडही कुठेतरी उभं असायला हवं.

पुणतांब्याला हे सांगायचं कारण वेगळं आहे. 1 जून 2017 रोजी या गावातून शेतकरी संप सुरू झाला आणि पाहता पाहता राज्यभर पसरला. त्याच महिन्यात सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. 2022 च्या जूनमध्ये गाव पुन्हा धरणे आंदोलनाला बसलं. दूध आणि भाजी अडवून सगळ्या राज्याला जागं करणाऱ्या गावाला बांधावरची बाभूळ वाचवणं अवघड नाही. याच जिल्ह्यात हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावकऱ्यांच्या ठरावाने अमलात आणली. कुणी वरून लादली नव्हती.

कायद्याचं हत्यारही आपल्या हातात आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. आपल्या पंचायतीची नोंदवही मागा, तिच्यात किती झाडांची आणि किती पाखरांची नावं आहेत ते वाचा. कमी असतील तर म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं एकत्र बसवून ती भरा. चांगदेवांच्या समाधीजवळच्या झाडांवर रात्री काय उतरतं, कोणत्या विहिरीवर सुगरणीची किती घरटी आहेत, हे गावकऱ्यांइतकं कुठल्या तज्ज्ञाला ठाऊक असणार? सलीम अली आणि मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनांना जोडून राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. त्या आठवड्यात ही नोंद पूर्ण करता येईल.

त्याआधी 2 ऑक्टोबरची ग्रामसभा आहे. तिच्या विषयपत्रिकेवर एवढेच ठराव घ्या: बांधावरची आणि विहिरीवरची बाभूळ, चिंच, वड, पिंपळ, उंबर समितीला विचारल्याशिवाय तोडायचा नाही, गावात नायलॉन मांजा विकायचा नाही, आणि पाचट चहूबाजूंनी पेटवायचं नाही. सरपंचांनी ते वाचावेत, तरुणांनी अनुमोदन द्यावं, महिलांनी आपल्या ग्रामसभेत आधी पक्के करावेत. पुणतांबेकरांनो, हात वर करा आणि ठराव मंजूर करा.