नाव बेसमॅन, हाती गिटार

"भावा, बेस वाजवतोस ना? मग डोळे झाकून जुना बेसमॅन घे. नावातच सगळं आलं!"

गेल्या महिन्यात माझ्यासमोर एका तेवीस वर्षांच्या पोराला हा सल्ला मिळाला. देणारा गिटारवाला होता, हे वेगळं सांगायला नकोच. पोरगं नुकतंच नोकरीला लागलंय, पहिल्या बोनसचे पैसे खिशात आहेत आणि डोळ्यांत त्या ट्वीड कापडाने मढवलेल्या खोक्याचं स्वप्न. मी तिथे वाद घातला नाही, कारण जॅम रूमचं भाडं तासावर चालू होतं. म्हणून तो इथे घालतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. फेंडरचा जुना बेसमॅन हा जगातल्या सर्वोत्तम गिटार ॲम्प्सपैकी एक आहे. बेसचा ॲम्प म्हणून तो तेव्हाही तोकडा होता, आजही आहे.

आता थोडा इतिहास. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस आणला. तोवर बेस म्हणजे कपाटाएवढा उभा डबल बेस. या नव्या वाद्याला ॲम्प हवा म्हणून १९५२ मध्ये बेसमॅन आला, पंधरा इंची एकच स्पीकर असलेला. हेतू अगदी प्रामाणिक होता. पुढे एकाच्या जागी दहा इंची चार स्पीकर आले, आणि पन्नासच्या दशकाच्या शेवटी ते सुप्रसिद्ध ५एफ६-ए सर्किट. ५८८१ जातीचे दोन पॉवर व्हॉल्व्ह (ट्यूब म्हणजे आजोबांच्या रेडिओत लाल व्हायचे तेच व्हॉल्व्ह), साधारण ४५ वॅट, आणि मागून उघडं कॅबिनेट. लोक ज्याच्यासाठी आज जीव टाकतात तो हा.

आता यात बेस घाला. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झची, बेसची ४१ ची. एक सप्तक खाली. फरक फक्त एका सप्तकाचा वाटतो, पण तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढे-मागे हलावं लागतं. चौपट! वर आपला कान खालच्या स्वरांना मुळातच बहिरा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. म्हणजे कानाला सारखं वाटायला बेसला गिटारपेक्षा कितीतरी जास्त ताकद हवी. त्यात कॅबिनेट मागून उघडं. स्पीकर पुढे हवा ढकलतो तेव्हा मागची हवा खेचतो. खालच्या स्वरांत ही मागची उलटी लाट फिरून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते. एका हाताने कमवायचं, दुसऱ्या हाताने उधळायचं.

मग बेसिस्ट काय करतो? आवाज वाढवतो. वॅट दुप्पट केले तर जेमतेम तीन डेसिबल मिळतात, आणि इथे तर दुप्पट करायला वॅटच नाहीत. ॲम्प फाटायला लागतो, स्पीकर फडफडतात, आणि ड्रमर विचारतो, "तू वाजवतोयस ना?"

गंमत म्हणजे हेच सगळे दोष गिटारला अमृत होतात. गिटारला ८० हर्ट्झच्या खालचं काही नकोच असतं, त्यामुळे उघड्या पाठीचा तोटा नाही, उलट आवाज खोलीभर मोकळा पसरतो. आणि ॲम्प फाटतो म्हणजे काय, तर नोटेला धार येते! बडी गायने बेसमॅन वाजवला तो गिटार जोडून. शिकागो ब्लूजच्या हार्मोनिकावाल्यांनीही तो उचलला. तिकडे लंडनला जिम मार्शल नावाच्या ड्रमरने, ज्याचं हॅनवेलला वाद्यांचं दुकान होतं, केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांना हाताशी धरून १९६२ च्या सुमारास हेच सर्किट जवळजवळ जसंच्या तसं उचललं आणि त्याला जेटीएम४५ म्हटलं. मार्शलची सगळी खानदान तिथून सुरू होते. मूळ पुरुष बेसचा, वंशज सगळे गिटारवाले! खुद्द फेंडरने १९९० मध्ये बेसमॅन पुन्हा काढला तो गिटारवाल्यांना विकायलाच. कंपनीला कळलं, आपल्या सल्लागारांना अजून नाही.

आमच्या धंद्यात फंक्शनचं नाव ‘सेव्ह’ आहे म्हणजे ते सेव्ह करतच असणार, असं धरून चालणारा माणूस शुक्रवारी रात्री बारा वाजता ऑफिसात सापडतो. नाव वाचू नये, आत काय लिहिलंय ते वाचावं.

हे मी शहाणपणाने बोलत नाहीये, हात पोळलाय म्हणून बोलतोय. मीही एकेकाळी पन्नास वॅटचा व्हॉल्व्हवाला हेड घेतला होता, तोंडावर ‘बेस’ असं ठळक लिहिलेला. (कंपनीचं नाव नको.) एका कॉलेजच्या हॉलमध्ये साउंडचेकला मी वाजवत होतो आणि तिसऱ्या रांगेत काहीच पोचत नव्हतं. आमच्या गिटारवाल्याने सहज म्हणून त्यात आपली केबल खुपसली... आणि तो हेड नंतर माझ्याकडे फार दिवस राहिला नाही. काय आवाज होता! मला अजून तो आठवला की वाईट वाटतं, आणि हेवाही.

आता नेहमीचे दोन प्रश्न. "मग लेमी?" मोटरहेडचा लेमी मार्शलच्या सुपर बेस हेडवर बेस वाजवायचा, खरं आहे. पण तो पिक घेऊन कॉर्ड वाजवायचा, मिड चढवून, ऱ्हिदम गिटारसारखा. तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. "मग अँपेग?" हा प्रश्न खरा. अँपेगचा एव्हरेट हल स्वतः बेसिस्ट होता, त्याला फाटका आवाज खपत नसे. १९६० चा त्यांचा बी-१५ बंद कॅबिनेटचा, पंधरा इंची, बेसचाच विचार करून केलेला आणि फार गोड आहे. पण वॅट पंचवीस. छोट्या क्लबात, स्टुडिओत लाजवाब, पण आजच्या ड्रमरपुढे टिकत नाही. आणि १९६९ चा एसव्हीटी? ३०० वॅट, चौदा व्हॉल्व्ह, जोडीला दहा इंची आठ-आठ स्पीकरांची बंद कॅबिनेट्स, एकेक फ्रिजएवढं. नुसता हेडच चाळीस किलोच्या घरात. म्हणजे व्हॉल्व्हने स्टेजवर बेस नीट वाजवायचा तर काय लागतं, त्याचं हे बिल आहे. बेसमॅनवाले हे बिल बघायलाच तयार नसतात.

व्हॉल्व्हची ऊब थापा आहे असं मी म्हणत नाही. व्हॉल्व्ह जे वरचे हार्मोनिक्स मिसळतो, त्यांच्या आधाराने छोट्या स्पीकरवरही कान खालचा स्वर ओळखतो. हवीच ती. पण ती प्रीॲम्पमधल्या एका छोट्या व्हॉल्व्हमधूनही बरीचशी मिळते. ताकदीचं काम दोन-तीन किलोच्या क्लास-डी ॲम्पला करू द्या. घरी रेकॉर्डिंगला हळू आवाजात बेसमॅन वाजवायचा असेल तर जरूर वाजवा. (अमेरिकेतून जुना आणलात तर आपल्या २३० व्होल्टला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी लावा, नाहीतर ऊब फारच जाणवेल.)

त्या पोराने काल रात्री विचारलं, नक्की काय घेऊ. मी लिहिलं: पाचशे वॅटचा क्लास-डी हेड, बंद पाठीचं चांगलं कॅबिनेट, वाटलं तर एक व्हॉल्व्ह प्रीॲम्प. पैसे उरतील. त्याचं उत्तर आलं, "आणि बेसमॅन?"

तो तुझ्या गिटारवाल्याला घ्यायला सांग. त्याच्या बोनसमधून.