पंचा न्यावा आणि परत आणावा

पायी यात्रेस निघणाऱ्याने पाठीवरच्या पिशवीत अंग पुसण्याचे वस्त्र न्यावे की नाही, आणि न्यावे तर कोणते, हा प्रश्न मासिकाच्या पानांवर चर्चिण्याइतका मोठा आहे काय, असे कित्येक वाचक विचारतील. आमचे उत्तर होकारार्थी आहे. ज्या वस्तू क्षुल्लक म्हणून विचाराबाहेर ठेवल्या जातात, त्याच पुढे नदीकाठी ढिगाने पडलेल्या दिसतात. गाणगापूरला भीमा-अमरजेच्या संगमावर एखादी पौर्णिमा आटोपल्यानंतर काठाने एक फेरी मारावी. चिखलात रुतलेली धोतरे, लुगड्यांचे तुकडे आणि टॉवेल पाहिल्यावर हा प्रश्न लहान वाटणार नाही.

आमच्या सीमाभागात पायी यात्रेची परंपरा जुनी आहे. कोजागरीच्या सुमारास बिदर-कलबुर्गीकडून हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग या वाटेने भाविकांच्या झुंडी तुळजापूरकडे चालू लागतात. दत्तजयंतीला कोणी माणिकनगरला जातो, कोणी गाणगापूरला. पूर्वी या यात्रेकरूच्या खांद्यावर वळकटी आणि हातात काठी असे. आता तरुण मंडळी पाठीवर पट्ट्यांची पिशवी बांधून निघतात, आणि त्यात आमचा आक्षेप काहीच नाही. दोन्ही खांद्यांवर भार सारखा वाटला जातो, ही सोयच आहे. आक्षेप आहे तो पिशवी भरताना होणाऱ्या अविचारावर.

या बाबतीत तीन पक्ष आढळतात. पहिला म्हणतो, वस्त्र नेण्याचे कारणच नाही. धोतराच्या सोग्याने अंग पुसावे, अथवा घाटावर पन्नास रुपयांचे वस्त्र घ्यावे आणि तेथेच सोडून द्यावे. दुसरा घरचा जाडजूड टॉवेल पिशवीत कोंबतो. तिसरा पक्ष नवा आहे. तो कृत्रिम धाग्याचा, मुठीत मावणारा टॉवेल आणतो आणि प्रश्न कायमचा सुटला असे मानतो. आमचे म्हणणे या तिघांहून निराळे आहे. प्रत्येक यात्रेकरूने एक साधा सुती पंचा, स्वतःचा, घरून न्यावा आणि तो घरी परत आणावा. या वाक्याचे दोन्ही भाग आम्ही सारखेच महत्त्वाचे मानतो.

प्रथम दुसऱ्या पक्षाचा विचार करू, कारण तो प्रामाणिक आहे. सोलापूर आम्हां सर्वांचे शेजारी. तेथील चादरीला आणि टेरी टॉवेललाही भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, आणि त्याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु घरच्या न्हाणीघरात जो गुण, तो वाटेवर अवगुण ठरतो. टेरीच्या कापडावर दोन्ही बाजूंनी धाग्यांचे फास उभे असतात. तुर्कस्तानात हाताने विणले जाणारे हे कापड इंग्लंडच्या क्रिस्टी मंडळींनी यंत्रावर आणले आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडले. त्या फासांमुळेच ते पुष्कळ पाणी धरते, आणि त्याच फासांमुळे ते वाळता वाळत नाही. हिशेब सोपा आहे. ७० सेंटिमीटर रुंद, १४० सेंटिमीटर लांब आणि दर चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणारा टॉवेल कोरडाच सुमारे ४४० ग्रॅमचा होतो. हाताने पिळल्यावरही त्यात त्याच्या वजनाइतके पाणी सहज उरते. उलट पाऊण मीटर रुंद, दीड मीटर लांब असा विरळ विणीचा पंचा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास राहतो, आणि पिशवीवर पसरून चालू लागले म्हणजे उन्हात दुसरा मुक्काम येण्यापूर्वीच सुकतो. टेरीचा टॉवेल मात्र पिशवीत अक्षरशः भिजत घोंगडे होऊन बसतो. तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येतो, चौथ्या दिवशी तो अंगाला लावणे नकोसे होते, आणि पाचव्या दिवशी कोठल्या तरी घाटावर तो ‘विसरला’ जातो. अशा विसरण्यात इच्छेचा भाग किती असतो, हे ज्याचे त्याने मनाशी ठरवावे.

तिसऱ्या पक्षाशी आमचे भांडण थोडे निराळे. त्यांचा टॉवेल हलका असतो आणि लवकर वाळतो, हे मान्य. पॉलिएस्टरचा धागा स्वतः जवळजवळ पाणी पीत नाही. पाणी धाग्यांच्या फटींत अडकते आणि तेथून चटकन निघून जाते. भर पावसात डोंगर चढणाऱ्याने तो नेला तर आम्ही हरकत घेणार नाही. पण तीर्थाच्या पाण्यात तो खळबळून धुवावा काय? अशा कापडाचे डोळ्यांस न दिसणारे तंतू प्रत्येक धुण्यात सुटतात आणि ते कुजत नाहीत. सुताचा तंतू मातीत मिसळतो. प्लास्टिकचा तंतू पाण्यातच राहतो. ज्या पाण्याला आपण आचमनासाठी ओंजळीत घेतो, त्यात हे सोडणे आम्हांस उचित वाटत नाही.

आता पहिला पक्ष. खरा प्रतिवादी तोच. ‘स्नान झाल्यावर अंगावरचे वस्त्र नदीत सोडावे, म्हणजे दोष तेथेच राहतो’ ही समजूत तो पुढे करतो, आणि तिला शास्त्राचा आधार आहे असे खुशाल सांगतो. शास्त्राचे नाव घेणाऱ्यास शास्त्रातच उत्तर द्यावे लागते. मनुस्मृतीतील समाजव्यवस्था आम्हांस मुळीच मान्य नाही. तथापि हे लोक जिला प्रमाण मानतात, त्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात मलमूत्र, थुंकी, रक्त, विष आणि अपवित्र पदार्थाने माखलेली कोणतीही वस्तू पाण्यात टाकू नये असे स्पष्ट सांगितले आहे. आता आम्ही विचारतो, तुम्ही सोडलेले वस्त्र शुद्ध आहे की अशुद्ध? शुद्ध असेल तर ते टाकण्याचे कारण काय? आणि तुमचा दोष त्याला चिकटून ते अशुद्ध झाले असेल, तर तुमच्याच ग्रंथाप्रमाणे ते पाण्यात टाकण्याची मनाई आहे. तिसरा मार्ग आम्हांस तरी दिसत नाही. त्याच अध्यायात दुसऱ्याने वापरलेले वस्त्र अंगावर धारण करू नये असेही सांगितले आहे. धर्मशाळेच्या खुंटीवरचा ओला टॉवेल उचलून अंगाला लावणाऱ्यांनी तेही ध्यानात घ्यावे. येथे शास्त्र आणि त्वचारोगाचा वैद्य यांचे एकमत आहे. नायटा असल्याच वस्त्रांतून एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो.

शास्त्र बाजूला ठेवले तरी कायदा उरतो. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियमाचे २४ वे कलम प्रवाहात प्रदूषक पदार्थ जाणूनबुजून सोडण्यास मनाई करते. १९७६ च्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या ५१-क या अनुच्छेदात नद्यांचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदले आहे. २०२५ च्या मार्च महिन्यात कर्नाटकाचे वन व पर्यावरण मंत्री या नात्याने ईश्वर खंड्रे यांनी तीर्थक्षेत्रांतील नद्या व पुष्करिणींपासून ५०० मीटरच्या आत साबण आणि शाम्पू विकण्यास बंदी घालावी, तसेच भाविकांना पाण्यात कपडे सोडू देऊ नयेत, असे अधिकाऱ्यांस बजावले. खंड्रे हे आमच्याच भालकीचे प्रतिनिधी. एका मंत्र्यावर हे सांगण्याची पाळी यावी, यात भूषण कोणाचे? जी गोष्ट भाविकाने श्रद्धेपोटी करावयाची, ती पोलिसाच्या शिट्टीने करून घ्यावी लागत असेल, तर श्रद्धेत काही उणे आहे असेच म्हणावे लागेल.

‘पंचा दरिद्री दिसतो’ असा एक लाजरा आक्षेपही कानांवर येतो. १९२१ च्या सप्टेंबरात मदुरेस गांधीजींनी उरलेला पोशाख टाकून आखूड पंचा पत्करला, तो देशातील गरिबाला तेवढेच मिळते म्हणून. तो पंचा पुढे साऱ्या जगाने पाहिला. देवाच्या दारी जाताना तो कमीपणाचा कसा वाटावा? शिवाय या एका वस्त्राची कामे मोजावी. उन्हात ते डोक्याला बांधता येते, ओझ्याखाली त्याची चुंबळ होते, गाणगापुरात माध्यान्हीच्या मधुकरीस त्याची झोळी होते, आणि पाय मुरगळला तर पट्टीही होते. आमच्या सीमेवर या शब्दाची गंमतही आहे. कन्नडात ‘पंचे’ म्हणजे नेसण्याचे धोतर, मराठीत पंचा म्हणजे अंग पुसण्याचे आखूड वस्त्र. आणि आमचे कोंकणी वाचक पोर्तुगिजांकडून आलेला ‘तुवालो’ खांद्यावर टाकतात. नाव कोणतेही असो, वस्त्र हलके, सुती आणि आपले असावे, एवढाच मुद्दा.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र आमचा आग्रह अपुरा पडतो, हे आम्ही जाणतो. विरळ पंचा भिजला म्हणजे आडोसा देत नाही. त्यांनी गडद रंगाचे, मोठे आणि तरीही पातळ सुती वस्त्र न्यावे. परंतु त्यांची खरी अडचण वस्त्राची नाही, जागेची आहे. तुळजापुरी कल्लोळ तीर्थावर, संगमाच्या काठी, बिदरला नरसिंह झरणीच्या गुहेत छातीएवढ्या पाण्यातून दर्शन घेऊन बाहेर पडल्यावर, ओलेत्या स्त्रीला चार भिंतींचा कोरडा आडोसा हवा असतो. तो नसल्यामुळे कित्येक जणी भिजले वस्त्र घाईने तेथेच टाकून निघतात. येथे दोष यात्रेकरूकडे बोट दाखवून संपत नाही.

म्हणून आमची मागणी दोघांकडे आहे. यात्रेकरूकडे एवढीच की, पिशवी भरताना सर्वांत वर पंचा ठेवावा आणि घरी आल्यावर तो मोजून काढावा. देवस्थानांच्या व्यवस्थापकांकडे, आणि गाणगापूरसारखी देवालये ज्याच्या देखरेखीखाली आहेत त्या धर्मादाय खात्याकडे, तीन मागण्या. घाटाच्या वर, पाण्यापासून दूर, वस्त्रे वाळविण्यासाठी तारा बांधाव्यात. स्त्रियांसाठी दरवाजा असलेल्या कोरड्या खोल्या बांधाव्यात. आणि ज्यांना वस्त्र सोडावयाचेच आहे, त्यांच्यासाठी काठावर पेटी ठेवून त्यातील वस्त्रे धुऊन गरजूंस द्यावीत; दानाचे पुण्य त्यात खचित अधिक आहे. या तीन कामांस मोठा निधी लागत नाही. येत्या मार्गशीर्षी पौर्णिमेपूर्वी निदान तारा तरी बांधल्या जाव्यात. त्या बांधल्या गेल्या की नाही, हे पाहण्यास आम्ही संगमावर जाऊ.