शेवट माहीत असला तरी

वाचनालयात रहस्यकथांच्या कपाटापुढे उभा असलेला माणूस पुस्तक हातात घेतो, उलटं करतो आणि मलपृष्ठ वाचू लागतो. तिथे ‘शेवटच्या पानापर्यंत खिळवून ठेवणारी’, ‘धक्कादायक शेवट’ असं काहीतरी लिहिलेलं असतंच. सगळ्याच पुस्तकांवर असतं, त्यामुळे निवडायला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. झालं तर नुकसानच होतं. शेवटी कलाटणी आहे हे आधी कळलं, की वाचक पहिल्या प्रकरणापासून प्रत्येकावर संशय घेत बसतो आणि गोष्ट वाचायची राहूनच जाते. जुन्या गाजलेल्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्यांना प्रस्तावना जोडलेल्या असतात. त्यातल्या काही तर खुनी कोण हे बोलण्याच्या ओघात सांगून टाकतात. रहस्यकथेची प्रस्तावना शेवटी वाचावी, हा नियम मी कटाक्षाने पाळते.

मग निवडायचं कशावरून? पुस्तक आपल्यापुढे कोणता प्रश्न ठेवतं, ते आधी बघावं. ‘कोणी केलं?’ विचारणारी कादंबरी वेगळी, ‘आता काय होणार?’ विचारणारी वेगळी आणि ‘का केलं?’ विचारणारी आणखी वेगळी. दुकानात मात्र तिन्ही एकाच फळीवर, एकाच चिठ्ठीखाली मांडलेल्या असतात. वाचणाऱ्याला हवं असतं एक, हाती लागतं दुसरं, आणि तो कायमचा ठरवून टाकतो, की रहस्यकथा हा आपला प्रांत नव्हे. असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या आवडीत खोट नसते, पुस्तक चुकलेलं असतं.

‘कोणी केलं?’साठी अ‍ॅगाथा ख्रिस्तीला अजून तोड नाही. पहिल्या महायुद्धात ती टॉर्की गावच्या रुग्णालयात औषधं तयार करण्याच्या विभागात काम करत होती. कोणतं विष किती मात्रेत काय करतं, हे ज्ञान तिथलं. 1920 साली तिची पहिली रहस्यकादंबरी पुस्तकरूपाने आली, तेव्हा औषधशास्त्राच्या ‘फार्मास्युटिकल जर्नल’ने त्यातल्या विषाच्या अचूक वर्णनाबद्दल तिची वाखाणणी केली होती. माहिती अशी पक्की असली, की लेखकाला वाचकाशी प्रामाणिक राहणं परवडतं. ती धागेदोरे लपवत नाही. आपल्या डोळ्यांदेखत ठेवते आणि आपलं लक्ष दुसरीकडे वळवते.

पण तिची कुठली कादंबरी आधी वाचायची, हे महत्त्वाचं आहे. ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ (1926) ही तिच्या सर्वांत गाजलेल्या कादंबऱ्यांपैकी एक, म्हणून लोक नवख्या वाचकाच्या हाती पहिली तीच देतात. माझा याला ठाम विरोध आहे. त्या कादंबरीत ख्रिस्ती वाचकाची एक सवय मोडते, आणि मोडायला ती सवय आधी लागलेली असावी लागते. म्हणून सुरुवात ‘द एबीसी मर्डर्स’ किंवा ‘डेथ ऑन द नाईल’पासून करावी, तिच्या गुप्तहेराची, पॉयरोची, चांगली ओळख होऊ द्यावी, मग ‘अ‍ॅक्रॉइड’. आणि ‘कर्टन’ अगदी शेवटी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवलेली पॉयरोची ही अखेरची कथा ख्रिस्तीने 1975 साली छापू दिली. इतकी वर्षं तिने राखून ठेवली, तर आपणही थोडी कळ काढावी.

‘आता काय होणार?’ या प्रश्नाचा वस्तुपाठ म्हणजे फ्रेडरिक फोर्सिथची ‘द डे ऑफ द जॅकल’. 1963 साली फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारण्याची सुपारी एका भाडोत्री मारेकऱ्याला दिली जाते, ही कथा. आरंभीच काही प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. त्यांचा आक्षेप वरवर बिनतोड होता: द गॉल यांचा खून झालेला नाही हे जगाला ठाऊक आहे, मग उत्कंठा कसली राहणार? पुस्तक 1971 मध्ये आलं आणि आक्षेपाचं उत्तर लाखो वाचकांनी दिलं.

हे जमलं कसं, ते जवळून बघण्यासारखं आहे. मारेकऱ्याला खोटा पासपोर्ट हवा असतो. तो इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या चर्चच्या आवारात थडगी बघत हिंडतो. आपल्याच वयाचं झालं असतं, पण लहानपणीच वारलं, असं एखादं मूल त्याला हवं असतं. असं नाव सापडल्यावर तो जन्मदाखल्याची नक्कल रीतसर फी भरून मिळवतो, अर्ज भरतो आणि सरकार त्याला मेलेल्या मुलाच्या नावाचा पासपोर्ट देतं. कुठे मारामारी नाही, पाठलाग नाही. एक माणूस अर्ज भरतो आहे आणि आपण श्वास रोखून वाचतो आहोत. पुढे तो जंगलात जाऊन झाडाला एक फळ टांगतो आणि त्यावर बंदुकीचा नेम बसवतो. तोवर आपल्याला ‘द गॉल वाचले’ हा इतिहास आठवेनासा झालेला असतो. चांगला थरार तपशिलातून येतो. पानापानावर स्फोट घडवणारी कादंबरी मी म्हणूनच बाजूला ठेवते. फोर्सिथचे मराठी अनुवाद ग्रंथालयांत सहज मिळतात.

‘का केलं?’ या तिसऱ्या जातीत जपानी लेखक केइगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ माझ्या लेखी फार वरची. खून कोणाच्या हातून झाला हे सुरुवातीलाच समोर घडतं. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक तो दडवायला मदत करतो. एवढं मी सांगू शकते, कारण लेखकाने ते स्वतःच लवकर सांगितलं आहे. तरीही शेवटाकडे जाताना कळतं, की आपण भलताच प्रश्न धरून बसलो होतो. ही कादंबरी संपल्यावर लगेच पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. तीच वाक्यं असतात, पण अर्थ बदललेला असतो. रहस्यकथा खरी की नुसती चलाखी, हे दुसऱ्या वाचनातच ठरतं. शेवट माहीत असला तरी जी पुन्हा वाचावीशी वाटते, ती घरी विकत घेऊन ठेवावी. बाकीच्या वाचनालयातून आणाव्यात.

आपल्याकडच्या लेखनाला मात्र हाच गज लावू नये. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी वेष चढवला, तेव्हापासून आपल्या रहस्यकथेचा जीव वेगात आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. धनंजय, झुंजार, काळा पहाड या त्यांच्या नायकांच्या मागे धावत कितीतरी माणसं वाचायला शिकली. त्यात ख्रिस्तीसारखं कोडं शोधू नये. एका बैठकीत, न थांबता वाचावं. सुहास शिरवळकरांचं तसं नाही. त्यांचा बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, दारा बुलंद ही मंडळी बोलतात झकास, आणि कोणाला वाचनाची गोडी लावायची असेल तर हे संवाद अजूनही कामाला येतात.

घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलूदा आणा. 1965 साली तो ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात अवतरला, म्हणून त्यात बुद्धीची झटापट भरपूर आणि रक्तपात बेताचा. मूर्तिचोरीची त्याची एक कथा तर आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यात घडते. मोठ्यांसाठी शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा व्योमकेश बक्षी. दूरदर्शनवर 1993 साली बासू चटर्जींच्या मालिकेतून तो घरोघरी पोहोचला, पण शरदिंदूबाबूंचं आणि महाराष्ट्राचं नातं त्याआधीचं. 1938 मध्ये ते बॉम्बे टॉकीजसाठी लिहायला मुंबईत आले, 1952 मध्ये पुण्यात स्थायिक झाले आणि 1970 मध्ये वारले. व्योमकेशच्या बऱ्याच उत्तरकालीन कथा त्या वर्षांतल्या. ‘शैलरहस्य’ तर महाबळेश्वरच्या हॉटेलात घडते आणि व्योमकेश ती आपल्या मित्राला पत्रातून कळवतो. बंगालबाहेर ती कथा सर्वांत आधी आपण वाचायला हवी.

निवडताना आणखी थोडं बघावं. अनुवाद असेल तर मधलं संवादाचं एक पान मनातल्या मनात बोलून पाहावं. माणसं बोलल्यासारखी वाटली नाहीत तर पुस्तक परत ठेवावं, कारण अशा पुस्तकांत मेख बहुधा संवादातच दडलेली असते. मालिका असेल तर क्रम विचारावा. होम्स, फेलूदा कुठूनही सुरू करता येतात. स्टीग लार्सनच्या तीन कादंबऱ्या मात्र ओळीनेच वाचाव्यात, तिसरी तर दुसरीच्या पोटातूनच निघते. ग्रंथपालांना विचारायला संकोच करू नये. ‘चांगलं काही द्या’ म्हणण्यापेक्षा ‘खुनी ओळखायचा आहे’ किंवा ‘रात्री जागायचं आहे’ असं सांगितलं, तर त्यांनाही नेमकं पुस्तक काढून देता येतं.

लंडनला 1952 पासून ख्रिस्तीचं ‘द माऊसट्रॅप’ हे नाटक चालू आहे. पडदा पडण्यापूर्वी प्रेक्षकांना विनंती केली जाते, की गुन्हेगार कोण हे बाहेर कोणाला सांगू नका. आपल्या मित्रांसाठी आपणही हे पथ्य पाळू या. पुस्तकाचं नाव सांगा, लेखकाचं सांगा, कुठल्या वाचनालयात मिळेल तेही सांगा. खुनी कोण, हे त्यांचं त्यांना शोधू द्या.