गिळलेला सेल आणि चाळीस किलोमीटरचा रस्ता

मूल (जि. चंद्रपूर) : नाणे, गोटी, शर्टाचे बटण, चिंचोका. रांगत्या बालकाने यातले काही गिळल्याचे लक्षात येताच घरात एकच गोंधळ उडतो. कोणी घशात बोट घालतो, कोणी उलटी करविण्याचा प्रयत्न करतो, कोणी केळे भरवून ‘उद्या शौचावाटे पडेल’ असा दिलासा देतो. हा दिलासा अगदीच निराधार नाही. जठरात पोहोचलेल्या बहुसंख्य वस्तू खरोखरच आपोआप बाहेर पडतात. मात्र रिमोट, वजनकाटा, गाडीची चावी आणि दिवाळीतल्या विजेच्या पणत्यांमधून घराघरांत शिरलेल्या बटण सेलच्या बाबतीत हीच ‘उद्या’ची भाषा जिवावर बेतू शकते.

रिमोटमध्ये वापरला जाणारा लिथियमचा चपटा सेल २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३ व्होल्टचा असतो. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो नेमका अडकतो. सेल फुटून आतले रसायन सांडते व त्यामुळे इजा होते, हा समज अपुरा आहे. ओल्या त्वचेच्या संपर्कात येताच त्यातून वीज वाहू लागते, ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते आणि अन्ननलिका भाजू लागते. गंभीर इजेस दोन तासही पुरतात. रिमोट चालेनासा झाला म्हणून काढून टाकलेल्या सेलमध्येही एवढी शक्ती शिल्लक असते. लक्षणे मात्र फसवी असतात : लाळ गळणे, खाण्यास नकार, थोडा खोकला. कधी तर तेवढेही नसते.

या दोन तासांचा मूलच्या नकाशाशी मेळ घालून पाहिला पाहिजे. मूल येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली ही दोन्ही जिल्हा मुख्यालये येथून सुमारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहेत. एक वाट चिचपल्लीच्या जंगलातून, दुसरी सावलीमार्गे वैनगंगा ओलांडून. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीच्या महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. घरच्या उपायांत अर्धा तास, वाहन मिळविण्यात अर्धा तास आणि रस्त्यात एक तास गेला की मुदत संपली. भामरागडसारख्या, पर्लकोटेच्या पुराने पावसाळ्यात तुटणाऱ्या तालुक्यात तर हा हिशेब मांडण्यातही अर्थ उरत नाही.

म्हणूनच अंतरापेक्षा क्रम महत्त्वाचा ठरतो. सेलची शंका असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी किंवा मिळेल त्या वाहनाने थेट एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. चित्रात नाण्याची कड एकेरी दिसते, सेलची बहुधा दुहेरी. हा फरक डॉक्टरने कटाक्षाने पाहावयास हवा. सेल अन्ननलिकेत असेल तर तो दुर्बिणीने तातडीने काढावाच लागतो. त्यासाठी बालकाला भूल देणारा आणि दुर्बीण चालविणारा, असे दोन्ही तज्ज्ञ हजर असावे लागतात. ते कोठे उपलब्ध आहेत, हे रुग्णवाहिका निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून निश्चित झाले पाहिजे. एका दारातून दुसऱ्या दारात जाणारे चिठ्ठीचे राजकारण येथे परवडणारे नाही.

वाटेतला एक उपाय जंगलपट्ट्याला सहज जमण्याजोगा आहे. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानंतर तेथील विषबाधा केंद्राने मध देण्याची शिफारस केली. बालक एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळता येत असेल आणि घटनेला बारा तास झाले नसतील, तर दर दहा मिनिटांनी दोन चमचे, जास्तीत जास्त सहा वेळा. मध आणायला मात्र थांबू नये. अन्य काहीही खायला-प्यायला देऊ नये. उलटी करवू नये. एकाहून अधिक लोहचुंबक गिळल्यासही अशीच तातडी करावी, कारण ते आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना चिकटतात व आतड्याला छिद्र पाडतात.

वस्तू श्वासनलिकेत अडकली तर प्रश्न मिनिटांचा असतो. मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्याव्यात. तेवढ्याने भागले नाही तर वर्षाखालील बाळाच्या छातीवर, मोठ्या मुलाच्या पोटावर पाच दाब द्यावेत, आणि वस्तू निघेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. वस्तू दिसत नसताना घशात बोट घातल्याने ती आणखी खोल जाते. औषध किंवा रॉकेल पोटात गेले असल्यास दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक आहे.

उपचारांइतकाच प्रश्न कायद्याचाही आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक झाले. पण रिमोट, वजनकाटा, विजेची पणती ही खेळणी नव्हेत. त्यामुळे या आदेशाचा त्यांच्याशी संबंध येत नाही. ऑस्ट्रेलियाने जून २०२२ पासून बटण सेलवर चालणाऱ्या ग्राहकोपयोगी वस्तूंनाच सक्तीचे निकष लावले. अमेरिकेनेही त्याच वर्षी तसा कायदा केला. तेथे सेलचे झाकण नाणे वा स्क्रूड्रायव्हरसारख्या साधनाशिवाय अथवा दोन स्वतंत्र हालचालींशिवाय उघडता कामा नये. आपल्याकडील आठवडी बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या पणतीचे झाकण मात्र दोन वर्षांचे पोरही नखाने उघडू शकते.