पोटासाठी काम, मनासाठी छंद

सुटीत आमच्या भाच्याने दस्तरखान उचलल्यावर पत्त्यांची एक जादू दाखवली. मुलं खूश झाली. त्याच्या अब्बांनी मात्र पत्ते काढून घेतले. म्हणाले, "याने पोट भरणार आहे का?" पोराचा चेहरा उतरला. पत्ते म्हटले की जुगार आठवतो, तेव्हा अब्बांची काळजी रास्त होती. पण त्यांचा सवाल आमच्या मनात घर करून राहिला.

अशा वेळी आम्हाला अ‍ॅलेक्स एल्म्स्ली आठवतात. १९२९ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, केंब्रिजमध्ये शिकलेला हा माणूस संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करायचा. जादू हा त्यांचा पेशा नव्हता, नाद होता. समोर, हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसांना दाखवायच्या करामती ते स्वतः शोधून काढत. चार पत्ते एकेक करून मोजायचे, तरी त्यातल्या एकाचा चेहरा कुणाला दिसू नये, ही त्यांची युक्ती. तिला आज 'एल्म्स्ली काउंट' म्हणतात आणि पोटासाठी जादू करणारेही ती शिकतात.

पत्ते पिसण्यामागचं गणितही त्यांनी उलगडलं. त्याची चव घरी घेता येते, पत्ते नकोत. एक ते आठ आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या ओळीने मांडा. चार-चारचे दोन भाग करा आणि पहिल्या भागातली एक, दुसऱ्यातली एक, अशा आलटून पालटून लावा. असं तीनदा केलं की आकडे पुन्हा एक ते आठ! बावन्न पत्त्यांना हेच आठ वेळा करावं लागतं. वरचा पत्ता हव्या त्या जागी न्यायचा असेल, तर कोणत्या खेपेला कोणत्या भागाचा पत्ता वर ठेवायचा, हे एल्म्स्लींनी शून्य आणि एकच्या आकड्यांत सांगितलं. संगणकाची भाषाही तीच.

२००६ साली त्यांचं निधन झालं. पोट नोकरीने भरलं, नाव मात्र छंदाने राखलं.

आम्ही भाच्याला आठ चिठ्ठ्या करून दिल्या. तिसऱ्या खेपेला आकडे जागेवर आले, तेव्हा शेजारी बसलेले अब्बा हळूच म्हणाले, "पुन्हा कर बघू."

जुगार घरात नकोच. पण मूल काही नवं दाखवू लागलं, तर कमाईचा हिशोब मांडण्याआधी "हे तुला कसं सुचलं?" एवढं जरूर विचारावं.