परदेशीं मुलाची शाळा

आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त सहकुटुंब जर्मनींत म्युनिक येथें निघाला आहे. मुलगा नऊ वर्षांचा. जर्मन भाषेचा गंध नाहीं. "गुरुजी, सरकारी शाळा फुकट, इंग्रजी शाळेची फी जबर, काय करूं?" असें त्यानें पुसलें.

आम्हीं म्हटलें, फीच्या आधीं मुलाचें वय पाहा. म्युनिक ज्या बव्हेरिया प्रांतांत आहे, तेथें चौथी इयत्ता संपतांच मुलांच्या वाटा फुटतात. विश्वविद्यालयाकडे नेणाऱ्या 'गिम्नाझियुम' शाळेसाठीं जर्मन, गणित व परिसरज्ञान या विषयांत श्रेणींची सरासरी २.३३ किंवा त्याहून सरस लागते. तेथें १ हा अंक सर्वोत्तम. नवागत परभाषी मुलांस कांहीं सवलत असते, पुढें वाट बदलतांही येते; पण वळसा पडतो. सहा वर्षांच्या मुलास भाषा शिकावयास चार वर्षें मिळतात, नऊ वर्षांच्यास जेमतेम एक.

यास्तव दोन-तीन वर्षांत परतणें निश्चित असेल तर इंग्रजी शाळा बरी. तेथेंच राहावयाचें तर सरकारी शाळाच घ्यावी. मात्र जर्मनचे धडे आजच सुरू करावे आणि नवागतांचा भाषावर्ग कोणत्या शाळेंत आहे हें आधीं विचारावें. घरीं मराठीच बोलावी. आणि पहिल्या वर्षीं गुणपत्रक फिकें आलें तर मुलास मंद म्हणूं नये; उणीव भाषेची असते, बुद्धीची नव्हे.