स्पॅनिशचेही दार ठोठावा!

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागले. घरी मात्र सुभेदार रामजी त्यांचा इंग्रजीचा अभ्यास जातीने घेत, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे धडे गिरवून घेत. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत नाकारले गेले, तेव्हा ते फारसी शिकले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी फ्रेंच आणि जर्मनचेही प्राथमिक पाठ घेतले.

आज सातारा-सांगलीतल्या आमच्या मुलांना स्पॅनिशपासून अडवते ती क्लासची फी आणि 'हे आपल्यासाठी नाही' हा न्यूनगंड. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी ही एक. सुमारे वीस देशांचा कारभार तिच्यात चालतो. मराठी मुलाला ती फार अवघडही नाही. त-द आपल्यासारखेच दंत्य, लिहिले तसे बहुतेक वाचायचे, वस्तूंना लिंग आहेच, आणि 'तू'-'तुम्ही' हा भेदही ओळखीचा!

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. शाळा-महाविद्यालयांनी, वसतिगृहांनी स्पॅनिशचे वर्ग काढावेत, ही मागणी आपण लावून धरू. तोवर समाजमंदिरात, बुद्धविहारात रोज अर्धा तास बसू. आईबापांना स्पॅनिश येत नसली तरी मुलाचा पाठ ऐकून घेता येतो. जो दहा शब्द शिकेल, त्याने पाच दुसऱ्याला शिकवावेत. रामजींनी घराची शाळा केली. आपण वस्तीची करू.